निकालपत्रातल्या ‘वर्णनात्मक नोंदी’ म्हणजे काय? आणि त्या सगळ्या मुलांच्या सारख्याच का असतात?

१ मे. सकाळी झेंडावंदन, मग वर्गात बाकांवर दाटीवाटीनं बसलेले पालक आणि बाईंच्या टेबलावर प्रगतीपत्रकांचा गठ्ठा. महाराष्ट्रातल्या अनेक शाळांमध्ये वर्षाचा निकाल याच दिवशी हातात येतो. पत्रक उघडलं की पहिली नजर श्रेणीवर जाते आणि दुसरी शेजारच्या मुलाच्या श्रेणीवर.

त्याच कागदावर ‘विशेष प्रगती’, ‘आवड/छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ असे रकाने असतात. बहुतेक घरांत ते कुणी वाचतच नाही. खरं तर अख्ख्या निकालपत्रात फक्त तुमच्या मुलाबद्दल बोलणारी जागा तेवढीच असते. ‘ब-१’ श्रेणी वर्गात दहा जणांना मिळू शकते.

हे रकाने आले कुठून?

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुलाला काय समजलं याचं सातत्यपूर्ण आणि सर्वंकष मूल्यमापन व्हावं, असं त्याच्या २९व्या कलमात म्हटलंय. त्यानुसार महाराष्ट्रानं २० ऑगस्ट २०१० रोजी शासन निर्णय काढला आणि पहिली ते आठवीच्या परीक्षांचं रूप बदललं. वर्षभर चालणारं ते ‘आकारिक’ मूल्यमापन आणि सत्राच्या शेवटी होणारं ते ‘संकलित’. पहिली-दुसरीला आकारिकला ७० टक्के भार, पुढे तो कमी होत सातवी-आठवीला ४० टक्के. आकारिकमध्ये शिक्षकांनी मुलाचं रोजचं निरीक्षण करायचं, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प बघायचे आणि जे दिसलं ते शब्दांत लिहायचं. याच त्या वर्णनात्मक नोंदी.

कल्पना साधी आहे. मुलाची तुलना वर्गातल्या पहिल्या नंबराशी करायची नाही. ते जूनमध्ये कुठे होतं आणि एप्रिलमध्ये कुठे पोचलं, एवढंच बघायचं.

मग गाडी अडते कुठे?

जरा हिशेब करू. कायद्यानुसार पाचवीपर्यंत एका शिक्षकामागे ३० मुलं. पाचवीला कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण धरून आठ विषय आणि वर्षाला दोन सत्रं. प्रत्येक विषयाला एकच ओळ लिहायची म्हटली तरी ४८० ओळी होतात. अनेक वर्गांत मुलं याहून जास्त असतात. त्यात निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं आहेच. त्यामुळे एप्रिल उजाडला की शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तयार नोंदींच्या पीडीएफ फिरू लागतात. ‘वर्गात लक्षपूर्वक ऐकतो’, ‘स्वच्छता व टापटीप ठेवतो’ अशा ओळी उचलायच्या आणि मुलगी असेल तर ‘ठेवतो’चं ‘ठेवते’ करायचं.

माझ्या सातवीच्या पत्रकात छंद म्हणून ‘चित्रे काढणे’ लिहिलंय. मला आजही धड आंबा काढता येत नाही.

शिक्षकांना नावं ठेवणं सोपं आहे. पण ४८० ओळी एका आठवड्यात कुणीही मनापासून लिहू शकत नाही. चूक नोंदी वर्षाच्या शेवटी एकदम लिहायला लावणाऱ्या सवयीत आहे. शाळा वर्षात किमान २०० दिवस भरायला हवी. रोज फक्त दोन मुलांबद्दल एकेक ओळ वहीत टिपली, तर ३० मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या वाट्याला १३ नोंदी येतात. मग एप्रिलमध्ये लिहिता येतं: ‘जूनमध्ये मोठ्यानं वाचायला उठतच नव्हती, फेब्रुवारीपासून परिपाठात बातम्या स्वतःहून वाचते.’ ही ओळ दुसऱ्या कुठल्याही मुलीच्या पत्रकावर चालणार नाही.

एका ओळीनं खरंच फरक पडतो?

इस्रायलमधल्या संशोधक रूथ बटलर यांनी १९८८ साली पाचवी-सहावीच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांना कामावर फक्त गुण दिले, काहींना फक्त अभिप्राय, तर काहींना दोन्ही. ज्यांना फक्त अभिप्राय मिळाला, त्यांची कामगिरी पुढे सुधारली. दोन्ही मिळालेल्यांची गत मात्र फक्त गुण मिळालेल्यांसारखीच झाली. गुण दिसले की शब्दांकडे दुर्लक्ष होतं. आपलं निकालपत्र नेमकं या तिसऱ्या प्रकारचं आहे.

काही शाळा यावर उपाय म्हणून वर्षाच्या शेवटी सगळ्यांना प्रमाणपत्र देतात. हेतू चांगला असला तरी ‘उत्कृष्ट विद्यार्थी’ असं सगळ्यांवर छापलं की मुलांना ते लगेच कळतं. मुलं या बाबतीत आपल्यापेक्षा हुशार असतात. ‘नवीन मुलाला डबा खायला सोबत घेतलं’ असं कारण लिहिलेला साधा कागद मला जास्त मोलाचा वाटतो.

आता काय बदलतंय?

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये समग्र प्रगतीपत्रक सुचवलंय. त्यात शिक्षकांसोबत मूल स्वतःबद्दल लिहील, वर्गमित्र लिहितील आणि पालकांनाही भाग घ्यावा लागेल. एनसीईआरटीच्या ‘परख’ या केंद्रानं त्याचे नमुनेही तयार केलेत. पण तेही पीडीएफ बघून भरता येतंच.

दुसरीकडे, २०१९च्या कायदादुरुस्तीनंतर महाराष्ट्रानं २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आणली. नापास झालेल्या मुलाला पुन्हा परीक्षेची संधी मिळते आणि तीही हुकली तर ते त्याच वर्गात राहतं. अशा मुलाच्या पत्रकात त्या वर्षात तो काय शिकला हे कुठे लिहिलेलं असेल, तर ते याच रकान्यात. तिथेही ‘स्वच्छता व टापटीप ठेवतो’ असेल, तर पुढच्या वर्गशिक्षकांच्या हाती काहीच लागत नाही.

पालक म्हणून काय विचाराल?

मुलाची प्रगती पालकांना सांगणं हे शिक्षण हक्क कायद्याच्या २४व्या कलमानुसार शिक्षकांचं कर्तव्यच आहे. त्यामुळे संकोच नको. निकालाच्या दिवशी गर्दीत वेळ मिळाला नाही, तर नंतर वेळ मागून घ्या. जाताना मुलाची जूनमधली आणि मार्चमधली अशा दोन वह्या सोबत न्या. ‘किती टक्के पडले’ याऐवजी ‘जूनमध्ये त्याला काय जमत नव्हतं, जे आता जमतं?’ असं विचारा. तोच प्रश्न घरी मुलालाही विचारा, मात्र शेजारच्या मुलाचा निकाल ऐकायच्या आधी.