लग्नचौक: वारली चित्रकलेचे मूळ घर

पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार या तालुक्यांतील वारली घरांत लग्नाआधी भिंतीवर चौक लिहितात. वारली बोलीत चौक काढत नाहीत, तो लिहितात. आज ‘वारली पेंटिंग’ म्हणून जगभर ओळखल्या जाणाऱ्या चित्रांचा उगम या लिहिण्यात आहे, आणि ते लिहिण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या सवाशिणींचा आहे.

घर कुडाचे असते. कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपायची आणि ती वाळली की गेरूचा हात द्यायचा, म्हणजे भिंत तयार होते. तांदूळ भिजवून, वाटून पाण्यात कालवला की रंग झाला. बांबूची बारीक काडी टोकाशी चावून मऊ करायची, की कुंचलाही झाला. रंग एकच, पांढरा. आधी चौरस आखून त्याच्या कडांना नक्षीचे पट्टे भरतात. हे पट्टे इतके दाट असतात, की दुरून पाहिले तर भिंतीवर विणकाम टांगल्यासारखे वाटते. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी. घट म्हणजे भरलेला कलश, आणि पालघट ही धान्याची, झाडोऱ्याची, लेकराबाळांची देवी. तिच्या सोबतीला सूर्य, चंद्र, फणी, शिडी. शेजारी एक लहान देवचौक असतो आणि त्यात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव.

चौक लिहून झाला म्हणजे काम संपले असे नाही. धवलेरी गाऊन देवांना चौकात बोलावते. धवलेरी ही लग्न लावणारी स्त्री. धवळे म्हणजे लग्नगीत. मराठीची आद्य कवयित्री महदंबा हिने तेराव्या शतकात रचले तेही धवळेच. जे नाव मराठी वाचकाला पोथीतून माहीत आहे, ते वारल्यांच्या मांडवात एका बाईच्या कामाचे नाव म्हणून जिवंत आहे. देव चौकात आल्याशिवाय लग्न पुरे होत नाही. म्हणून चौकाला भिंतीची शोभा समजणे चूक आहे. तो विधीच आहे.

विधी झाला की चौकाचे काम संपते. पुढे भिंत पुन्हा लिंपली जाते आणि चित्र मातीखाली जाते. या कलेचे वय हजारो वर्षे असल्याचे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. तिची रूपे भीमबेटकासारख्या गुहाचित्रांच्या जवळची आहेत हे खरे, पण शेणमातीची भिंत जुना पुरावा राखून ठेवत नाही. परंपरा जुनी आहे, एवढेच जबाबदारीने म्हणता येते.

बाहेरच्या महाराष्ट्राला वारली माहीत झाला तो चित्रांमुळे नव्हे. सावकार आणि जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध १९४५ मध्ये तलासरी-डहाणू भागात वारल्यांनी लढा दिला आणि गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकातून तो मराठी घरांत पोहोचला. चित्रे पोहोचली ती १९७० नंतर. चित्रकार भास्कर कुलकर्णी याआधी १९६६-६७ च्या दुष्काळात हस्तकला मंडळाच्या वतीने बिहारमध्ये गेले होते आणि मिथिलेच्या बायकांच्या हाती त्यांनी कागद दिला होता. तोच कागद ते वारली पाड्यांवर घेऊन आले. डहाणूजवळच्या गंजाड गावी त्यांना जिव्या सोमा म्हसे भेटले. लहानपणी आई गेल्यावर म्हसे कित्येक वर्षे बोलत नव्हते, मातीत रेघा ओढूनच मनातले सांगत. त्यांच्या कागदावर चौकाची चौकट सुटली. भातलावणी, मासेमारीचे जाळे, तारपा वाजवणाऱ्याभोवती वळत जाणारा नाचाचा फेर असे सगळे शिवार त्यांच्या चित्रांत आले. माणूस मात्र तोच राहिला, टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण आणि काडीचे हातपाय. या त्रिकोणांना किती वेग देता येतो, हे त्यांचे जाळ्याचे एखादे चित्र नीट पाहिले की कळते. म्हसे यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. १९८९ च्या पॅरिसमधील ‘मॅजिशियन्स द ला तेर’ या प्रदर्शनातही त्यांची चित्रे होती.

पाड्यावरचा विधी बाजारात कला म्हणून उभा राहण्याची अशीच गोष्ट उत्तर ध्रुवाकडील इनुइट लोकांचीही आहे. त्यांच्याकडे वॉलरसच्या सुळ्यांच्या ताइतांवर आणि शिकारीच्या अवजारांवर कोरीवकाम होतेच. १९४८ मध्ये जेम्स ह्यूस्टन हा तरुण चित्रकार हडसन उपसागराच्या किनाऱ्यावरील इनुकजुआक येथे गेला, आणि पुढच्याच वर्षी माँट्रिआलमध्ये त्यांच्या मूर्तींचे प्रदर्शन भरून सर्व वस्तू तीन दिवसांत विकल्या गेल्या. नंतर केप डॉर्सेट येथे छापचित्रे निघू लागली. केनोजुआक आशेवाक या बाईचे पहिले छापचित्र तिने सीलच्या कातड्याच्या पिशवीसाठी केलेल्या नक्षीवरून तयार झाले, आणि तिच्या १९६० च्या घुबडाच्या चित्राचे पुढे टपाल तिकीट निघाले. बायकांच्या कातरकामातली रेघ तिथे बाईच्याच नावाने जगापुढे आली.

वारल्यांकडे उलटे घडले. भिंतीवरचा चौक सवाशिणींचा होता, पण कागदावर आणि प्रदर्शनांत नावे आली ती बहुतेक पुरुषांची. म्हसे यांचे मोठेपण यामुळे कमी होत नाही. पण त्यांच्या हाती जी रेघ आली, ती आया-मावश्यांनी राखलेली होती, आणि त्यांपैकी फार थोड्यांची नावे कुठे नोंदली गेली. वारली चित्रकलेचा इतिहास लिहिताना ही उणीव सांगितलीच पाहिजे.

साडी, कप, हॉटेलच्या भिंती असे सर्वत्र वारली आकार छापले जाऊ लागल्यावर आदिवासी युवा सेवा संघाच्या पुढाकाराने २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. चौकातले देव मात्र कपावर येत नाहीत. पालघटीसाठी आजही भिंत लिंपावी लागते, आणि तिचा चौक सवाशिणीच लिहितात.