सायक्लोक्रॉस: चिखलातल्या शर्यतीची सव्वाशे वर्षे

सायक्लोक्रॉस ही माळ, वाळू, चिखल आणि झाडीतल्या पायवाटांवरून होणारी सायकल शर्यत आहे. युरोपात तिचा हंगाम पावसाळी शरदात सुरू होतो आणि हिवाळ्याच्या शेवटी संपतो. साधारण अडीच ते साडेतीन किलोमीटरचा मार्ग आखून त्यावर ठरावीक वेळ फेऱ्या मारायच्या असतात. वाटेत फळ्या, पायऱ्या आणि निसरडे चढ असतात. तिथे स्पर्धक खाली उतरतो, सायकल खांद्यावर घेतो आणि धावतो. उतरून पळणे हा या खेळाचा ठरलेलाच भाग असल्याने मुरलेल्या स्पर्धकाबरोबर नवखाही त्याच चिखलात उतरू शकतो. हौशी मंडळींनी हा खेळ जन्माला घातला आणि तो टिकवलाही त्यांनीच.

खेळाचा उगम विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये झाला. हिवाळ्यात रस्त्यावरच्या शर्यती बंद असत आणि सायकलपटूंना अंगातला जोम टिकवायचा असे. शेजारच्या गावाचा चर्चचा मनोरा नजरेसमोर ठेवायचा आणि शेते, कुंपणे, ओढे ओलांडत तिथवर पोहोचायचे, अशा पैजा लागत असे परंपरेने सांगितले जाते. डॅनियल गूसो या फ्रेंच सैनिकाला सायकलवरून रानात भटकण्याचा छंद होता. त्याने मित्रांना गोळा केले आणि त्यातून 1902 मध्ये फ्रान्सची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. हिवाळ्यासाठी हा व्यायाम सोयीचा होता. वेग कमी असल्याने बोचरा वारा कमी लागे आणि मधूनमधून धावल्याने गारठलेली पावले पुन्हा ऊब धरत.

ऑक्टाव्ह लापीझ याने 1910 मध्ये तूर द फ्रान्स जिंकली आणि आपल्या यशाचे श्रेय हिवाळ्यातल्या या सरावालाही दिले. त्यानंतर खेळाचे नाव फ्रान्सबाहेर गेले. बेल्जियम, स्वित्झर्लंड, लक्झेंबर्ग, स्पेन आणि इटली या देशांत एकामागून एक राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने या खेळाची सूत्रे घेतली. पहिली जागतिक स्पर्धा 1950 मध्ये पॅरिसला झाली. ती ज्याँ रोबिकने जिंकली. 1947 ची तूर द फ्रान्सही त्याच्याच नावावर होती. पुढे 1958 पर्यंत प्रत्येक विजेतेपद फ्रान्सकडेच राहिले. मग इटली आणि जर्मनीचे खेळाडू पुढे आले, आणि 1966 ते 1973 या काळात बेल्जियमच्या एरिक डे व्लेमिंकने सात विजेतेपदे मिळवली. बेल्जियमच्या डच भाषक भागात तेव्हापासून हा खेळ गावजत्रेसारखा रुजला.

शर्यतीचे सगळे कसब उतरण्या-चढण्यात आहे. अडथळा दिसू लागताच स्पर्धक उजवा पाय सीटमागून फिरवून डाव्या बाजूला आणतो आणि क्षणभर एकाच पॅडलवर उभा राहतो. उजव्या हाताने दांडी धरून तो जमिनीवर पाय टेकतो तो धावतच. फळी जास्तीत जास्त 40 सेंटिमीटर उंच असते, तेवढ्यासाठी सायकल हाताने उचलली तरी पुरते. लांब चढावर मात्र ती खांद्यावर घ्यावी लागते: दांडी उजव्या खांद्यावर ठेवून, खालच्या नळीखालून हात घालून हँडल पकडायचे, म्हणजे चाके पायात येत नाहीत. पुन्हा बसताना टांग मारून मांडीवर अलगद उतरायचे. सायकल दिसायला रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलसारखीच असते. टायर मात्र खाचांचे असतात आणि हवा कमी भरतात. चिखल अडकू नये म्हणून चाक आणि फ्रेम यांत मोकळी जागा ठेवतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार टायरची रुंदी 33 मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही.

जागतिक पातळीवर 1967 पासून हौशी आणि व्यावसायिक यांच्या शर्यती वेगळ्या भरत. ही विभागणी 1990 च्या दशकात संपली. स्त्रियांना मात्र फार थांबावे लागले. त्यांची पहिली जागतिक शर्यत 2000 मध्ये नेदरलँड्समधल्या सिंट-मिखिल्सगेस्टेल येथे झाली आणि जर्मनीची हान्का कुप्फरनागेल विजेती ठरली. पुढे नेदरलँड्सच्या मारियाने फोसने आठ जागतिक विजेतेपदे मिळवली.

गावोगावच्या क्लबांच्या मैत्रीपूर्ण शर्यती हे या परंपरेचे दुसरे अंग, आणि खेळाडू घडतात ते तिथेच. मैदान, शाळेचे आवार किंवा एखाद्याचे शेत मिळाले की दोऱ्या आणि खुंट्या लावून मार्ग आखतात. वय आणि तयारी पाहून गट पाडतात. मुलांची शर्यत काही मिनिटांची, मोठ्यांची पाऊण तास ते तासभर. सुरुवातीच्या फेऱ्यांना किती वेळ लागला त्यावरून एकूण फेऱ्या ठरतात आणि शेवटच्या फेरीला घंटा वाजते. अव्वल स्पर्धांत खूप मागे पडलेल्याला मार्गाबाहेर काढतात. क्लबच्या शर्यतीत सहसा तसे होत नाही. आघाडीवीर एका फेरीने पुढे निघून गेला तरी मागच्याची बरोबरीच्या गड्याशी झुंज चालूच राहते. प्रेक्षक दोरीलगत उभे राहून पहिल्याला आणि शेवटच्याला सारख्याच उत्साहाने ओरडून बळ देतात. इंग्लंडमधल्या यॉर्कशरची ‘थ्री पीक्स’ शर्यत याच हौशी बाण्यातून उभी राहिली. इंगलबरो, व्हर्नसाइड आणि पेन-इ-गेंट या तीन डोंगरांवरून जाणारी ही शर्यत 1961 मध्ये सुरू झाली. पहिल्या वर्षी जिंकलेल्या जॉन रॉन्सली यांनी पुढे अनेक दशके तिच्या आयोजनाचा भार वाहिला.

भारतात सायकल शर्यत मुख्यतः डांबरी रस्त्यावर वाढली. जानकीदास यांनी 1938 च्या सिडनी येथील ब्रिटिश एम्पायर खेळांत भाग घेतला. 1946 मध्ये त्यांनी मुंबईच्या सोहराब भूत यांच्यासह राष्ट्रीय संघटना उभारली. महाराष्ट्रात मान मिळाला तो मुंबई–पुणे शर्यतीला. बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला तिथे ‘घाटाचा राजा’ हा किताब देतात. इथे हिवाळा कोरडा असतो आणि रस्त्यावरच्या शर्यतींना उलट तोच सोयीचा, त्यामुळे युरोपातली निकड इकडे निर्माण झाली नाही. सायकलही बहुतेक घरांत कामाला, शाळेला आणि दूध-भाजी वाहायला लागणारे वाहन होती. ती चिखलात घालून वाकवणे परवडणारे नव्हते. तरी या खेळाला लागणारी सामग्री थोडीच आहे: पावसाने भिजलेले मैदान, दोन-चार फळ्या, दोरी, घंटा आणि वेळ मोजणारा एक माणूस. सह्याद्रीच्या पायथ्याच्या कोणत्याही गावात ती एका सकाळी जमवता येते, आणि सव्वाशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्येही सुरुवात याहून मोठी नव्हती.