डाऊन सिंड्रोम : एका विसरलेल्या निरीक्षणाची कहाणी

डाऊन सिंड्रोमविषयी पाठ्यपुस्तकात बहुधा एकच ओळ असते : २१ व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती. विद्यार्थी ती पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. या ओळीमागचा इतिहास वाचताना मात्र आम्हा संशोधकांना थोडे अस्वस्थ व्हायला होते. कारण ही मुले शिकू शकतात, ही नोंद गुणसूत्राचा शोध लागण्यापूर्वी ९३ वर्षे झाली होती.

ही नोंद करणारे जॉन लँग्डन डाऊन (१८२८-१८९६) इंग्लंडमधील डॉक्टर होते. १८५८ साली ते सरे परगण्यातील अर्ल्सवुड येथे मतिमंदांसाठी असलेल्या संस्थेचे वैद्यकीय अधीक्षक झाले. तेथील मुलांचे बारकाईने निरीक्षण करून १८६६ साली त्यांनी एक छोटा लेख प्रसिद्ध केला. मानववंशांच्या वर्गीकरणाची त्या काळी चलती होती. डाऊन यांनी चेहरेपट्टीवरून या मुलांना 'मंगोलियन' गटात टाकले आणि आई-वडिलांच्या क्षयरोगामुळे हे होते, असे कारण दिले. ते नाव आणि ते कारण, दोन्ही चुकीचे होते.

परंतु त्याच लेखात आणखीही काही होते. ही मुले नकला छान करतात, त्यांना विनोद कळतो. बोलणे अस्पष्ट असले तरी जिभेच्या योग्य व्यायामाने ते पुष्कळ सुधारते. प्रशिक्षण दिल्यास अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त प्रगती होते. एवढे लिहून डाऊन थांबले नाहीत. १८६८ साली पत्नी मेरी यांच्यासह त्यांनी लंडनजवळ नॉर्मन्सफिल्ड ही निवासी संस्था काढली. १८७९ साली तेथे नाट्यगृहही उभे राहिले.

जगाने या लेखातले काय उचलले? नाव उचलले, निरीक्षण बाजूला पडले. 'मंगोलिझम' हा शब्द पाऊणशे वर्षांहून अधिक काळ वैद्यकाच्या पुस्तकांत राहिला. आपल्याकडील डॉक्टरांच्या तोंडीही तो रुळला.

कारणाचा शोध सावकाश पुढे सरकला. १९३३ साली लायोनेल पेनरोज यांनी दाखवले, की संबंध आईच्या वयाशी आहे, वडिलांच्या वयाशी नाही. १९५६ साली माणसाच्या पेशीत ४८ नव्हे, तर ४६ गुणसूत्रे असतात हे जो हिन चिओ आणि आल्बर्ट लेवान यांनी दाखवले. ही मोजणी पक्की झाल्यावर पुढचा प्रश्न विचारता आला. पॅरिसमध्ये मार्त गोतिए यांनी पेशीसंवर्धनाचे तंत्र उभे केले आणि या मुलांच्या पेशींत ४७ गुणसूत्रे दिसली. जानेवारी १९५९ मध्ये शोध प्रसिद्ध झाला तेव्हा पहिले नाव जेरोम लजन यांचे होते, गोतिए यांचे दुसरे. त्यांच्या कामाला न्याय मिळण्यास पुढे अनेक दशके लागली.

बहुतेक वेळा ही जादा प्रत बीजांड तयार होताना येते. गुणसूत्रांची एक जोडी वेगळी व्हायला हवी ती होत नाही, एवढेच. वयाबरोबर ही शक्यता वाढते, तरी ती तरुण मातांच्या बाबतीतही असते. ग्रहण न पाळल्यामुळे, खाण्यापिण्यामुळे किंवा कोणाच्या पापामुळे हे घडत नाही. आईला दोष देण्याचे काहीच कारण नाही.

१९६१ साली अनेक शास्त्रज्ञांनी 'द लॅन्सेट'मध्ये पत्र लिहून जुने नाव सोडण्याची विनंती केली. सह्या करणाऱ्यांत डाऊन यांचे नातू होते. १९६५ साली मंगोलिया देशानेही जागतिक आरोग्य संघटनेकडे हाच आग्रह धरला.

आता शाळेकडे वळू. इंग्लंडच्या १९४४ च्या शिक्षण कायद्यात काही मुलांना 'शाळेत शिकण्यास असमर्थ' ठरवण्याची तरतूद होती. डाऊन सिंड्रोम असलेली असंख्य मुले त्यामुळे शाळेबाहेर राहिली. ही तरतूद एप्रिल १९७१ मध्ये संपली. म्हणजे डाऊन यांच्याच देशात त्यांचे निरीक्षण कायद्यात उतरायला १०५ वर्षे लागली. योगायोग असा, की १९४४ सालीच मुंबईत वकील दांपत्याने डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी शाळा सुरू केली. तीच आज शिवडी येथील जय वकील संस्था म्हणून ओळखली जाते. त्या वेळी ४७ वे गुणसूत्र कोणी पाहिलेही नव्हते.

अमेरिकेत १९८३ साली या व्यक्तींचे आयुर्मान सुमारे २५ वर्षे होते. आज ते ६० च्या आसपास आहे. गुणसूत्र तेच आहे, त्यावर उपाय सापडलेला नाही. बदलले ते बाकीचे. जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मतः हृदयदोष असतो, त्यावर वेळेवर शस्त्रक्रिया होऊ लागली. मुले संस्थांऐवजी घरी वाढू लागली आणि शाळेत जाऊ लागली.

आपल्या देशात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना जवळच्या किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. वर्गात असे मूल आले तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. या मुलांना ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले अधिक लक्षात राहते, म्हणून चित्रे व शब्दपट्ट्या वापराव्यात. सूचना एका वेळी एकच द्यावी. ऐकू कमी येणे आणि दृष्टिदोष यांचे प्रमाण बरेच असते, म्हणून तपासणी करून घ्यावी आणि मुलाला पुढे बसवावे. बोलता येते त्यापेक्षा समजते जास्त, हे विसरू नये.

२१ मार्च हा जागतिक डाऊन सिंड्रोम दिन, २१ व्या गुणसूत्राच्या ३ प्रतींवरून निवडलेला. त्या दिवशी गुणसूत्रांचे चित्र फळ्यावर जरूर काढावे. त्याबरोबर १८६६ च्या लेखातले ते दुसरे निरीक्षणही मुलांना सांगावे. ते सांगायला राहून गेले, तर निम्माच धडा शिकवल्यासारखे होईल.