ह्यूमही वाचा, रीडही वाचा

एप्रिल १८३१. कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातल्या एका शिक्षकाला व्यवस्थापन समितीतल्या होरेस विल्सन यांचं पत्र आलं. पत्रात तीन प्रश्न होते. तुम्ही देव मानता का? आईवडिलांचं ऐकणं हे कर्तव्य नाही, असं तुमचं म्हणणं आहे का? भावाबहिणीच्या लग्नात तुम्हाला काही गैर वाटत नाही का?

शिक्षकाचं नाव हेन्री लुई व्हिव्हियन डिरोझिओ. वय २२. आणि त्याला काढायचं दोन दिवस आधीच ठरलं होतं!

डिरोझिओ पोर्तुगीज वळणाच्या मिश्रवंशीय कुटुंबातला. शाळा संपल्यावर कारकुनी केली, भागलपूरला नीळ कारखान्यात राहिला, कविता छापल्या. १८२६ मध्ये तो या कॉलेजात इंग्रजी साहित्य आणि इतिहास शिकवायला आला तेव्हा सतरा वर्षांचा होता. समोरची काही मुलं त्याच्याहून चार-पाच वर्षांनीच लहान.

पानिपतची तिसरी लढाई कधी झाली? १७६१. या जातीचे प्रश्न आपण सगळ्यांनी पाठ केलेत. उत्तर सरांना माहीत असतं, गाइडातही असतं. डिरोझिओच्या वर्गातल्या प्रश्नांना गाइड नव्हतं. देवाच्या अस्तित्वाबद्दल ह्यूमनं घेतलेल्या शंका तो मुलांसमोर ठेवायचा. आणि लगेच त्या शंकांना रीड आणि ड्यूगल्ड स्टुअर्ट यांनी दिलेली उत्तरंही. आता कुणाचा युक्तिवाद टिकतो, ते तुम्ही ठरवा. डिरोझिओ म्हटलं की लोकांना फक्त ह्यूम आठवतो, रीड विसरला जातो. मला तर त्याच्या शिकवण्याचा जीव या दुसऱ्या अर्ध्यातच दिसतो. नुसती शंका पेरणं सोपं असतं.

वर्गात वेळ पुरेना, म्हणून १८२८ च्या सुमारास अ‍ॅकॅडेमिक असोसिएशन सुरू झालं. माणिकतळ्याच्या एका बागेतल्या घरात नियतीपासून मूर्तिपूजेपर्यंत सगळ्यावर वाद झडायचे. एव्हरेस्टच्या उंचीचं गणित करणारा राधानाथ सिकदार याच मुलांमधला. ते श्रेय डिरोझिओला देणं म्हणजे ताणणं होईल, पण त्या बाकांवर कोण बसलं होतं ते कळावं.

शहर मात्र बिथरलं. मुलं गोमांस खातात, देवांची टिंगल करतात, अशा तक्रारी यायला लागल्या. सगळ्याच खोट्या नव्हत्या. त्यात त्या वयाचा चेव बराच होता. पालक मुलांची नावं कॉलेजातून काढू लागले.

२३ एप्रिलला समिती बसली. पहिला प्रश्न असा : हा माणूस मुलांना शिकवायला अयोग्य आहे का? राधाकांत देब यांचं उत्तर ठाम होतं, अयोग्यच. विल्सन यांना मात्र त्याच्यात काही वावगं दिसलं नव्हतं. बहुतेकांना स्वतःच्या माहितीवरून काहीच सांगता येईना. मग प्रश्नच बदलला : हिंदू समाजाच्या सध्याच्या भावना बघता त्याला काढणं सोयीचं आहे का? यावर बहुमत लगेच जमलं. हा हिंदूंच्या भावनांचा मामला आहे म्हणून विल्सन आणि डेव्हिड हेअर यांनी मतच दिलं नाही.

डिरोझिओनं राजीनामा दिला, पण चौकशी न करता, बाजू न ऐकता काढलं हे सुनावून. विल्सनच्या पत्राला त्यानं दुसऱ्याच दिवशी उत्तर पाठवलं. देव नाही असं मी कुणालाही सांगितलेलं नाही. या विषयावर बोलणंच गुन्हा असेल, तर तो मी केलाय. फक्त एकच बाजू सांगून मुलांना हेकेखोर करायचं का, असं त्यानं उलट विचारलं. बापाशी उद्धटपणे वागलेल्या एका विद्यार्थ्याला आपण माफी मागायला लावली होती, हेही कळवलं. भावाबहिणीच्या लग्नाची गोष्ट त्यानं मूर्खपणाची अफवा म्हणून उडवून लावली.

त्याच वर्षी २६ डिसेंबरला तो कॉलऱ्यानं गेला.

पुढच्या वर्षी त्या मुलांमधला कृष्णमोहन बॅनर्जी ख्रिस्ती झाला आणि नंतर पाद्रीही. रामतनू लाहिरी ब्राह्मो समाजाकडे वळला, त्यानं जानवं काढून ठेवलं. प्यारीचाँद मित्रनं बंगालीत कादंबरी लिहिली आणि उतारवयात तो थिऑसफीत रमला.