सत्तरीतली परी

जत्रेच्या शेवटच्या रात्री शोभेची दारू उडते तेव्हा सगळं गाव माना वर करून बघतं. बाण सुटतो, फुलतो, विझतो. पण दारू कुणी भरली, वात कुणी पेटवली, हे कुणी विचारत नाही. आज अशाच एका आतषबाजीची गोष्ट सांगते. ती दूर अमेरिकेतली आहे, पण तिच्यातली बाई आपल्याला माहीत असायला हवी.

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात अनाहाइम नावाचं शहर आहे. तिथे वॉल्ट डिस्नी यांनी १७ जुलै १९५५ रोजी डिस्नीलँड हे मोठं करमणुकीचं उद्यान सुरू केलं. बारमाही जत्राच म्हणा ना! पाळणे, आगगाडी, बोटी आणि मधोमध परीकथेतला राजवाडा. उन्हाळ्यात रात्री या राजवाड्यावरच्या आभाळात आतषबाजी होऊ लागली. दारूत स्ट्रॉन्शियमचे क्षार घातले की लाल रंग येतो, बेरियमचे घातले की हिरवा आणि तांब्याचे घातले की निळा. लोक मुलांना खांद्यावर घेऊन हे बघत उभे राहायचे.

१९६१ साली या खेळात एक नवी गोष्ट आली. आतषबाजी सुरू होण्याआधी आभाळातून एक परी उडत यायची. तिचं नाव टिंकर बेल. ही 'पीटर पॅन' या गोष्टीतली परी. १९०४ साली लंडनमध्ये त्याचं नाटक झालं, तेव्हा रंगमंचावर ती नुसता प्रकाशाचा नाचरा ठिपका होती. १९५३ सालच्या डिस्नीच्या चित्रपटात तिला पंख आणि चेहरा मिळाला. आता ती खरोखर उडणार होती.

उद्यानात मॅटरहॉर्न नावाचा १४७ फूट उंचीचा कृत्रिम डोंगर आहे. त्याच्या माथ्यापासून राजवाड्याच्या बाजूला एक तार बांधली होती. अंगाला पट्टा बांधून त्या तारेला अडकवलेली परी अंधारातून सर्रकन घसरत यायची. खाली मुलं टाळ्या पिटायची. पलीकडच्या टोकाला दोन गडी गादी धरून उभे असायचे. परी येऊन त्या गादीवर आदळायची, तेव्हा कुठे थांबायची.

आता सांगा, ही परी किती वर्षांची असेल? अठरा? वीस? ती सत्तर वर्षांची होती.

तिचं नाव टायनी क्लाइन. जन्म १८९१ चा, युरोपातल्या हंगेरी देशातला. उंची पाच फुटांपेक्षाही कमी. चौदाव्या वर्षी टायनीबाई नाचणाऱ्या मुलींच्या ताफ्याबरोबर अमेरिकेत आल्या. पुढे त्यांनी सर्कशीतल्या एका घोडेस्वाराशी लग्न केलं. लग्नाला काही आठवडेच झाले होते, तेवढ्यात १९१५ साली खेळ चालू असताना नवरा घोड्यावरून पडला आणि गेला. परका देश, पदरी पैसा नाही. त्यांनी सर्कशीतच काम धरलं. ज्या सर्कशीत पुढे आपल्या पुण्याचे दामू धोत्रे वाघ-बिबळ्यांचे खेळ करून गाजले, त्याच सर्कशीत टायनीबाईंनीही उमेदीची वर्षं काढली.

त्यांचं खास काम भलतंच अवघड होतं. उंचावरून तिरप्या बांधलेल्या तारेवर एक कडी, कडीला चामड्याचा तुकडा. तो दातांत घट्ट धरायचा आणि नुसत्या दातांच्या बळावर लोंबकळत खाली यायचं. १९३२ साली न्यूयॉर्कच्या भर चौकावरून हजार फुटांहून लांब तारेवर त्या अशाच गेल्या होत्या. तेव्हा मैत्रिणींनो, डिस्नीलँडमध्ये काही दया म्हणून म्हाताऱ्या बाईला काम दिलेलं नव्हतं. अंगात चाळीस-पन्नास वर्षं मुरलेली कला तिथे कामाला आली.

तीन उन्हाळे टायनीबाई उडाल्या. मग पोटाच्या कर्करोगाने गाठलं आणि १९६४ साली त्या गेल्या. खाली उभ्या असलेल्या हजारो लोकांना परी दिसली. ती बाई कोण, हे फार थोड्यांना कळलं.

तरीही आज मी तुम्हाला हे सांगू शकते, कारण टायनीबाईंनी आपली हकिकत स्वतः लिहून ठेवली होती. जिवंतपणी ती छापली गेली नाही. २००८ साली, म्हणजे त्या गेल्यावर चव्वेचाळीस वर्षांनी, तिचं पुस्तक झालं. लिहिलेलं नसतं, तर टिंकर बेल उरली असती, टायनी क्लाइन उरली नसती.

आपल्या गावातही अशा बाया आहेत. कुणी शेकडो बाळंतपणं केली, कुणी दुष्काळात खडी फोडून घर जगवलं, कुणाच्या ओठांवर जात्यावरच्या ओव्या आहेत. 'आता वय झालं, बसा गप' असं आपण त्यांना पटकन म्हणतो. गटाच्या पुढच्या बैठकीत अशा एका आजीला बोलवा. ती काय काय करत आली, ते तिच्याच तोंडून ऐका. गटात जिला लिहिता येतं तिने वही उघडावी आणि वरती आधी आजीचं पूर्ण नाव लिहावं.