सुईणींचे प्रशिक्षण

परंपरेने बाळंतपणे करणाऱ्या ग्रामीण सुईणीस शास्त्रशुद्ध प्रसूतिसाहाय्य शिकवून, तिच्याच मुखाने ते गावातील लेकीसुनांपर्यंत पोहोचविण्याचा उपक्रम. हिंदुस्थानात या कार्यास सरकारदरबारी आश्रय लाभला तो लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने १९०३ मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधीमुळे. तथापि सुईणीस अडाणी ठरवून, तिच्या अनुभवाची विचारपूसही न करता तिला सुधारू पाहणारी तत्कालीन वृत्ती, प्रस्तुत लेखकाच्या मते, या प्रयत्नांतील मोठेच वैगुण्य होते.

स्वातंत्र्योत्तर काळात, विशेषतः १९७७ च्या ग्रामीण आरोग्य योजनेनंतर, सुईणींचे वर्ग प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आधाराने भरू लागले. हात साबणाने धुणे, स्वच्छ अंथरूण घालणे, घरातल्या विळ्याऐवजी कोऱ्या ब्लेडने नाळ कापणे, ती स्वच्छ दोऱ्याने बांधणे आणि तिच्यावर शेण वा राख न लावणे, हे शिक्षणाचे सार होय. कारण नवजाताचा धनुर्वात बहुधा नाळेच्या जखमेतूनच शिरतो. मूल आडवे आले, वार पडली नाही किंवा रक्तस्राव आवरेना, तर विनाविलंब इस्पितळ गाठावे, हेही तीस शिकवीत. मात्र बैलगाडीखेरीज वाहन नसलेल्या गावी हा उपदेश पुष्कळदा कागदावरच राहिला.

ग्रामीण स्त्रीस अडाणी ठरविणाऱ्या वृत्तीच्या उलट, जामखेड येथे रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून निरक्षर ग्रामीण स्त्रियांनाच आरोग्यशिक्षिका बनविले. २००५ मध्ये सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेने रुग्णालयातील प्रसूतीस अनुदान दिल्यावर सुईणीचे स्थान अधिकच गौण झाले.