पेन-पेन्सिलीच्या पोटातले शिसे

वडील पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. हिडकल धरणाच्या कालव्यांचे नकाशे काढण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. ते गेल्यावर त्यांच्या टेबलाचा खण आवरताना हाती आठ-दहा पेन्सिली लागल्या. त्यांत एक काळी, जपानी, ०.५ मि.मी.ची पेन-पेन्सिल होती. (खटका दाबला की शिसे बाहेर येणाऱ्या पेन्सिलीला आमच्या लहानपणी बेळगावात पेन-पेन्सिलच म्हणत, 'मेकॅनिकल' हा शब्द कॉलेजात गेल्यावर कळला.) खडेबाजारातून शिशाची डबी आणली, दोन कांड्या आत सोडल्या, आणि पंधरा वर्षे पडून राहिलेली ती पेन्सिल पहिल्या खटक्याला लिहू लागली. तेव्हापासून हा नाद जडला. आज माझ्याकडे सत्तरच्या घरात पेन्सिली आहेत. घरच्यांचे याविषयीचे मत इथे देत नाही.

खरे तर या शिशात शिसे नसतेच. असते ते ग्रॅफाइट. सोळाव्या शतकात इंग्लंडमधल्या बॉरोडेलच्या डोंगरात तो काळा, मऊ दगड सापडला, तेव्हा लोकांनी त्याला शिशाचाच प्रकार मानले. तो कार्बन आहे हे शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७९ मध्ये दाखवले. तोवर नाव रुजून गेले होते. जर्मन लोक पेन्सिलीला 'ब्लायश्टिफ्ट' म्हणतात, म्हणजे शिशाची काडी. आपली ती शिसपेन्सिल, आणि आमच्या शेजारच्या कन्नड घरात 'सीसद कड्डी'. इतर बाबतींत दोन भाषांचे पटो न पटो, ही चूक मात्र दोघींनी गुण्यागोविंदाने सांभाळली आहे.

शिसे नळीत धरून लिहावे ही कल्पनाही जुनी. झुरिचच्या कोनराड गेस्नरने १५६५ च्या आपल्या ग्रंथात अशा लेखणीचे चित्र दिले आहे. १७९१ मध्ये ऑस्ट्रेलियाजवळ बुडालेल्या 'पँडोरा' या इंग्रजी जहाजाच्या अवशेषांतही अशी एक पेन्सिल मिळाली. पण शिसे यंत्राने पुढे सरकवणाऱ्या पेन्सिलीचे पेटंट घेतले ते लंडनच्या सॅम्पसन मॉर्डन आणि जॉन आयझॅक हॉकिन्स यांनी, १८२२ मध्ये. हॉकिन्सने आपला हक्क विकून टाकला आणि पुढे शतकभर मॉर्डनच्या चांदीच्या पेन्सिली साहेब लोकांच्या खिशांत मिरवल्या.

तशी एक मी मुंबईच्या चोरबाजारातून घेतली. नक्षी अशी की हातातून खाली ठेववेना. घरी आल्यावर लक्षात आले की तिच्या मापाचे शिसे माझ्याकडे नाही. मॉर्डनची मापे वेगळी, आणि कारखाना तर दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावात गेला. मी आपला शहाणा! जवळ होते ते १.१८ मि.मी.चे शिसे घासून आत ढकलले. ते आत अडकून मोडले आणि मळसूत्र कायमचे बसले. दीडशे वर्षे टिकलेली वस्तू माझ्या हातून एका दुपारी बिघडली.

या इतिहासातला जपानी अध्याय मला सर्वांत जवळचा वाटतो. तोकुजी हायाकावा हा टोकियोचा धातुकाम करणारा कारागीर. १९१५ मध्ये त्याने पिळून शिसे पुढे आणणारी धातूची पेन्सिल काढली. जपानी गिऱ्हाइकांनी आधी नाके मुरडली. हिवाळ्यात हाताला थंड लागते आणि किमोनोवर शोभत नाही, अशी तक्रार होती. परदेशातून मागणी आली तेव्हा घरच्यांनाही ती आवडू लागली. (हे आपल्याला नवीन नाही.) धंदा जोरात असताना १ सप्टेंबर १९२३ रोजी भूकंप आणि आग आली. त्यात कारखाना गेला, पत्नी गेली, दोन्ही मुले गेली. कर्ज फेडण्यासाठी त्याला पेन्सिलीचे पेटंटही देऊन टाकावे लागले. ओसाकाला जाऊन त्याने पुन्हा सुरुवात केली आणि १९२५ मध्ये रेडिओ बनवला. त्याच्या कंपनीने 'शार्प' हे नाव घेतले ते त्या गमावलेल्या पेन्सिलीवरून. कॅल्क्युलेटर विकत घेताना आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक होते?

तोवर या पेन्सिलींचे शिसे जाडच असे. माती मिसळलेले शिसे बारीक केले की मोडते. १९६० मध्ये पेंटेल कंपनीने मातीऐवजी राळेसारखे कृत्रिम रसायन घालून भाजलेले शिसे काढले. ते केसागत बारीक करूनही टिकू लागले. मग खटक्याची पेन्सिल घरोघर गेली. तिच्या आत तीन पाकळ्यांचा चिमटा असतो आणि त्याभोवती एक कडे. खटका दाबला की चिमटा शिसे धरून पुढे सरकतो, कडे अडते, पाकळ्या उघडतात. सोडला की चिमटा मागे येतो, पण टोकाजवळच्या रबराने धरलेले शिसे पुढेच राहते.

नवे शोध अजून लागत आहेत. २००८ मध्ये आलेल्या 'कुरु तोगा' पेन्सिलीत प्रत्येक टेकणीगणिक शिसे किंचित फिरते, साधारण चाळीस टेकण्यांत एक फेरा, त्यामुळे टोक एका बाजूने झिजत नाही. आपल्या दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या कॅम्लिनमध्येही २०११ पासून कोकुयो या जपानी कंपनीचे वर्चस्व आहे. पण मला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. कुरु तोगात जे ०.५ मि.मी.चे शिसे जाते, तेच वडिलांच्या पेन्सिलीत जाते. कोणत्याही कंपनीचे चालते. मॉर्डनच्या चांदीला जे साधले नाही ते या प्लास्टिकला साधले आहे.

माझी नात बंगळूरला वास्तुशास्त्र शिकते. तिचे काम संगणकावर आणि पाटीसारख्या टॅबलेटवर चालते. त्या टॅबलेटची महागडी पेन्सिल चार वर्षांत बंद पडली. आतली बॅटरी बदलता येत नाही, नवी घ्या, असे दुकानदाराने सांगितले. मी तिला माझी अडकलेली मॉर्डन दाखवली. ती हसली, आणि सुट्टी संपवून जाताना पणजोबांची काळी पेन्सिल घेऊ का, असे विचारले. डबीत एचबी शिसे होते, तिला बी हवे होते. खडेबाजारात मिळाले.